नायबीण

दाविया आणि यामना सख्ख्या जावा. दोघी ऊलाद बूजमा जमातीच्याच लेकी आणि एकाच घरात दिलेल्या. दाविया थोरली, दोन वर्षं आधी आलेली. ती आली तेव्हा सासूने तिच्या हातचा पहिला रोट मोडून खाल्ला आणि "चालेल" म्हणाली. दोन वर्षांनी यामना आली. तिचा रोट मोडून सासू काहीच बोलली नाही, नुसता हात पुढे करून तिने दुसरा तुकडा घेतला. दाविया तो दुसरा तुकडा कधी विसरली नाही.

पुढे सगळं त्याच चालीने होत गेलं. यामनाचा गळा गोड. लग्नाघरी हातात डफ आला की पंचक्रोशीतल्या बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. दावियाचा आवाज फाटका, त्यामुळे तिला चहाची किटली सांभाळायला बसवायचे. यामनाला पाठोपाठ तीन मुलगे झाले, दावियाला सुकैना आणि कौतर या दोन मुली. बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका "मुलीसुद्धा अल्लाची देणगीच" म्हणायच्या. त्यातला तो 'सुद्धा' दावियाच्या काळजात रुतून बसायचा. ती "हो ना" म्हणायची आणि मग कणकेच्या परातीवर राग काढायची.

तरी तिचा नवरा लार्बी होता तोवर निभावलं. तो शांत माणूस होता. बायको धुसफुसायला लागली की टोपी डोक्यावर घालून उसात निघून जायचा. मुली अजून लहान असताना तो मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला. चाळीस दिवस संपले आणि मग जमिनीचा विषय निघाला.

सबू नदीकाठची ती जमीन कुणा एकाची नव्हती, अख्ख्या जमातीची होती. वाटा मात्र पुरुषाच्या नावाने. लार्बी गेला, पोटी मुलगा नाही, म्हणून त्याचा वाटा त्याच्या भावाकडे, यामनाच्या नवऱ्याकडे, जिलालीकडे गेला. हे नेहमीचंच होतं, त्यावर कुणी बोलत नसे. पण पुढच्या काही वर्षांत शहर वाढत वाढत नदीपर्यंत आलं. सरकारने काठची जमीन घेतली आणि मोबदल्यात नव्या वसाहतीत मिसरूड फुटलेल्या प्रत्येक पुरुषाला एकेक प्लॉट दिला. जिलालीला मिळाला, त्याच्या तिन्ही मुलांना मिळाला. दाविया आणि तिच्या मुली वसाहतीच्या कडेला पत्र्याच्या खोपटात आल्या.

खोपटाच्या दारातून यामनाचं घर उठताना दिसायचं. आधी खांब, मग विटा, मग जिना. दाविया सकाळी स्ट्रॉबेरीच्या शेतावर कामाला जाताना बघायची, संध्याकाळी परत येताना बघायची. दिवसभरात भिंत किती वर गेली ते तिला गवंड्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. एके दिवशी यामना स्वतः ताकाचा लोटा घेऊन खोपटाशी आली.

"लल्ला दाविया, वरची खोली रिकामीच आहे," थोरलीला मानाने 'लल्ला' म्हणत ती म्हणाली. "मुलींना घेऊन ये. पावसाळ्यात इथे चिखल होईल."

तिच्या मनात काळं काही नव्हतं, आणि ते दावियाला कळतही होतं. म्हणूनच तिला जास्त झोंबलं. टोमणा असता तर उलट टोमणा मारता आला असता. ती म्हणाली, "आम्हाला मोकळी हवा मानवते." ताक तिने ठेवून घेतलं, कारण मुली बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती जमातीच्या नायबाकडे गेली. नायब म्हणजे सरकारदरबारी जमातीच्या वतीने बोलणारा माणूस. हाज बूसल्हाम गेली वीसेक वर्षं त्या जागेवर होता आणि मरेपर्यंत राहील असंच सगळे धरून चालले होते. त्याने तिला बसायला सांगितलं, चहा दिला आणि विचारलं, की बाईचा वाटा कुठे असतो? मग उत्तरही त्यानेच दिलं. नवऱ्याच्या घरी. आणि नवरा नसेल तर देवाच्या घरी. जवळ बसलेले दोघेतिघे हसले. दाविया चहा न पिता उठली.

शेतावर ओणव्याने स्ट्रॉबेरी खुडताना दुसऱ्या एका जमातीच्या बाईने तिला सांगितलं, की आमच्याकडे बायका एकत्र येतायत, राजधानीतल्या, रबातच्या, एका संघटनेतली वकीलबाई मदत करतेय, पार्लमेंटसमोर जाऊन बसायचं ठरतंय. दावियाने सगळं नीट विचारून घेतलं. मग ती आपल्या वस्तीत दारोदार फिरली. विधवा, टाकलेल्या, लग्न न झालेल्या, भावाच्या घरी एका कोपऱ्यात पडलेल्या. अर्ध्या कानाने ऐकणारी म्हातारी घन्नू सगळ्यात आधी तयार झाली. तिला नेमकं काय ऐकू आलं होतं कोण जाणे. दाविया सगळ्यांना हक्काचं सांगायची, न्यायाचं सांगायची. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांपुढे न्याय नव्हता, यामनाचा जिना होता.

पहिल्या मोर्चाला टेंपोत बसताना तिने मागे पाहिलं, तर यामना डोक्यावरचा रुमाल आवळत धावत येत होती.

"तू कुठे?" दाविया म्हणाली. "तुला काय कमी आहे?"

"घरात चार प्लॉट आहेत," यामना म्हणाली. "एक नवऱ्याचा, तीन पोरांचे. माझ्या नावावर काय आहे ते सांग. माझ्या बापाचा वाटा माझ्या भावांनी खाल्ला, तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसत."

बायकांनी सरकून जागा केली. यामना बसली, तीसुद्धा नेमकी दावियाच्या शेजारी.

रबातमध्ये पार्लमेंटसमोर पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रुंद रस्ता, ताडाची झाडं, हेल्मेट घातलेले पोलीस. बायका एकमेकींच्या बाह्या धरून उभ्या. मायक्रोफोन घेतलेला एक पोरगा आला आणि विचारू लागला, तुमच्यातर्फे कोण बोलणार? सगळ्यांनी दावियाकडे पाहिलं. दावियाने तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. एवढ्यात शेजारून यामनाचा आवाज आला. लग्नात गाताना लागायचा तसाच खणखणीत. ती म्हणाली, "याच जमिनीत आमची नाळ पुरलीय, आमच्या भावांचीही याच जमिनीत पुरलीय. मातीने कधी विचारलं नाही, ही मुलाची का मुलीची."

संध्याकाळी ते टीव्हीवर लागलं. वस्तीतल्या पोरांनी तोंडपाठ केलं. आठवड्याभरात लोक त्या सगळ्यांना 'यामनाच्या बायका' म्हणायला लागले. दाविया घरोघर फिरून टाचा झिजवून आली होती, आणि आता तीही यामनाच्या बायकांमधली एक होती. एकदा पोलिसांनी रेटारेटी केली त्यात तिचं मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. यामना एका जखमी बाईला सावरतेय. खाली नाव छापलं होतं ते यामनाचं. जखमी बाईला नाव नव्हतं.

अशात मुकादम निरोप घेऊन आला. तो वस्तीतला सरकारचा माणूस, निरोप्याही आणि कानही. कायदने, म्हणजे तिथल्या सरकारी अंमलदाराने, बायकांपैकी दोघींना बोलावलं होतं, मंगळवारी सकाळी. यामनालाही सांग, एवढं म्हणून तो गेला.

दाविया यामनाकडे गेली आणि म्हणाली, "कायदने बोलावलंय. गुरुवारी."

हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. मंगळवारी ती इस्त्रीचा पायघोळ जेलाबा घालून निघाली. दुसरी बाई म्हणून तिने घन्नूला बरोबर घेतलं. बाकीच्या वीसेक जणींना तिने त्याच सकाळी गोळा केलं, त्या नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर बसल्या. यामना कुठे आहे असं कुणी विचारलं तेव्हा दाविया म्हणाली, तिच्याकडे पाहुणे आलेत.

कायद तरुण होता, शिकलेला, गोड बोलणारा. हाज बूसल्हाम कोचावर माळ ओढत बसला होता. दावियाने मनात ठरवलेलं सगळं बोलून टाकलं, पण ते तिला हवं तसं झालं नाही. जमातीच्या बायकांबद्दल सुरुवात केली की शब्द घसरत घसरत तिच्या खोपटावर येत होते, पत्र्यावर, चिखलावर, दोन मुलींवर. कायदने ते बरोबर हेरलं. तो पुढे वाकला.

"तुमची अडचण खरी आहे," तो म्हणाला. "विधवा बाई, पदरी मुली. वसाहतीत कोपऱ्याचा एक प्लॉट शिल्लक आहे. तो तुमच्या नावावर होऊ शकतो. या महिन्यातच."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचं सावकाश बघू. तुम्ही त्यांना सांगा, उन्हातान्हात रस्त्यावर बसू नका. तुमचं ऐकतील."

तुमचं ऐकतील. हे वाक्य आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. दावियाच्या डोळ्यांपुढे कोपऱ्याचा प्लॉट उभा राहिला. मोक्याचा होता तो, दोन्ही बाजूंनी रस्ता. यामनाच्या घराच्या बरोबर समोर. तिथे दोन मजले चढवले तर यामनाच्या गच्चीवर सावली पडली असती. तिने ती सावलीसुद्धा पाहिली. कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरणारी यामनासुद्धा पाहिली. ती हो म्हणणारच होती. शब्द ओठावर आला होता.

तेवढ्यात हाज बूसल्हामने घोळ केला. त्याला वाटलं, ती अजून कचरतेय, थोडं ढकलावं. तो म्हणाला, "घे बाई, घे. तुझी जाऊ मूर्ख निघाली. गेल्या महिन्यात तिला हेच सांगितलं होतं, तर लाथाडून गेली. तू तरी शहाणी हो."

कायदने त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण शब्द निघून गेला होता.

दावियाच्या अंगात जणू निखारा पडला. यामनाला आधी विचारलं. गेल्या महिन्यात. म्हणजे तिने टाकून दिलेलं आता मला देतायत. आणि ती नाही म्हणाली, वर आम्हाला कुणाला बोललीही नाही. उद्या मी हो म्हटलं की हे जगजाहीर होणार, यामनाने थुंकलेलं दावियाने चाटलं.

"मला नको," ती म्हणाली.

"विचार करा," कायद म्हणाला.

"केला. द्यायचं तर सगळ्यांना द्या. घन्नूला द्या, माझ्या मुलींना द्या. नाहीतर आम्ही उन्हातच बऱ्या."

ती उठली, खुर्ची मागे पडली. घन्नूला त्यातलं फारसं काही ऐकू आलं नव्हतं, पण खुर्ची पडलेली दिसली होती. बाहेर येऊन तिनेच सगळ्यांना सांगितलं, की दावियाने कायदच्या टेबलावर मूठ आपटली. बायकांनी जिभा वळवून ललकाऱ्या दिल्या. दावियाने मुठीचं खोटं आहे असं काही सांगितलं नाही. प्लॉट देत होते आणि नाही म्हटलं, एवढंच ती बोलली. त्या दिवशी घरी जाताना बायका तिच्या मागून चालत होत्या, आणि चिखल असूनही तिला रस्ता मऊ लागला.

यामनाला कळायला दुपार पुरली. संध्याकाळी सामायिक भट्टीपाशी ती रोटांचं तबक घेऊन आली. दाविया आधीच तिथे होती.

"तू गुरुवार म्हणालीस," यामना म्हणाली.

"चुकलं."

"चुकलं का चुकवलंस?"

दावियाने भट्टीत लाकूड सारलं. "चुकवलं."

यामनाने तबकावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "मला कळलं तू नाही म्हणालीस. कशी म्हणालीस ग? माझ्याकडे घर आहे म्हणून मला जमलं. तुझ्या डोक्यावर तर पत्रा."

"तू टाकलेलं मी उचलू होय?"

यामना हसायला लागली. इतकी हसली की तबक खाली ठेवावं लागलं. दावियाला हसू आलं नाही. आपण जे केलं त्याचंही श्रेय हिच्या नकाराला जातंय, एवढंच तिला कळलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. उन्हात बसणं, टेंपो, रबात, पुन्हा उन्हात बसणं. घन्नू वाट बघता बघताच गेली, तिच्यासारख्या आणखीही गेल्या. आधी सरकारी परिपत्रकं निघाली, ती कुणी मानायचं, कुणी नाही. मग कायदा झाला, की जमातीच्या जमिनीत बाईचा आणि पुरुषाचा हक्क सारखा. दावियाला आणि दोन्ही मुलींना प्लॉट मिळाले, रेल्वेच्या रुळाकडे, अगदी टोकाला. दावियाने घर बांधलं. यामना नव्या घराची भेट म्हणून साखरेचा सुळका घेऊन आली. स्वयंपाकघरात उजेड छान येतो म्हणाली. दावियाने तिला मुद्दाम गच्चीवर नेलं. गच्चीचा कठडा यामनाच्या कठड्यापेक्षा हातभर उंच होता. यामना म्हणाली, नातवंडं पडायची नाहीत, बरं केलंस.

मग नायबांची निवड आली. हाज बूसल्हाम अंथरुणाला खिळला होता. यंदा दोन नायब निवडायचे, त्यांतली एक बाई, असं ठरलं. पुरुषांमधून हाजचा पुतण्या सल्लाम उभा राहिला, त्याच्यापुढे कुणी नव्हतं. बायकांमधून दोघी उभ्या राहिल्या. कुणाकुणाची नावं असतील ते वस्तीला आधीच माहीत होतं.

शाळेच्या पटांगणात जमात जमली. दावियाला एक धास्ती होती. यामना उभी राहून तो मंगळवार-गुरुवार काढणार. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. पण यामना पाण्याच्या नळाबद्दल बोलली, रुळावरच्या फाटकाबद्दल बोलली, आणि बसली. हात वर झाले. दावियाच्या बाजूला थोडे, यामनाच्या बाजूला पटांगणभर. त्या हातांमध्ये एक हात कौतरचा होता, तिच्या धाकट्या मुलीचा.

घरी आल्यावर दावियाने तिला विचारलं, "माझ्याच पोटची ना तू?"

"आई, काकू बोलते तेव्हा लोक ऐकतात," कौतर म्हणाली. "तू बोलतेस तेव्हा लोक दचकतात."

दाविया दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पण जेवताना, झोपताना तिला सलत होतं ते वेगळंच. यामनाने तो गुरुवार काढला असता तर निदान म्हणता आलं असतं, की माझी बदनामी करून जिंकली. तिने तेवढंही हातात ठेवलं नाही.

मग दावियाने एक नवं काम लावून घेतलं. जमातीची एकही बैठक ती चुकवेना. पहिल्या रांगेत बसायची आणि यामना काय म्हणते त्यातली खोट शोधायची. जावा जावा, उभा दावा म्हणतात, तसा हा भरसभेत उभा राहिलेला दावा. एका कंपनीला जमातीची उरलेली जमीन स्ट्रॉबेरीसाठी खंडाने हवी होती. सल्लामने सगळं गोड करून मांडलं, यामनालाही पटलं होतं. दाविया उठली आणि तिने विचारलं, पाणी कुठलं घेणार? विहिरीचं घेणार असतील तर तिसऱ्या वर्षी प्यायला काय उरेल? ती अशा शेतांवर अर्धं आयुष्य वाकली होती, आटलेल्या विहिरी तिने पाहिल्या होत्या. यामनाचं तोंड पडलं. दावियाला त्या दिवशी जेवण फार चविष्ट लागलं. विहिरींना हात लावायचा नाही अशी अट पडली, आणि सल्लामचा आतला व्यवहार काय होता तेही बाहेर यायला लागलं. वस्तीतले म्हातारे म्हणायचे, या दोघी जिवंत आहेत तोवर इथे कुणाला काही खाता येणार नाही. एक बसलीय आणि दुसरी टपलीय.

मुदत संपायला वर्ष उरलं असताना यामना जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, केनित्राच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सल्लाम दावियाकडे आला. उरलेल्या दिवसांपुरतं तूच नायबीण म्हणून बस, कायदला सांगून करून घेऊ, असं त्याचं म्हणणं. खुर्ची देऊन तिला गप्प करायचं आणि कंपनीचा विषय परत काढायचा, हा त्याचा डाव उघड होता. पण दावियाने नाही म्हटलं ते त्यासाठी नव्हे.

"ती बरी होऊ दे," ती म्हणाली. "मला तिला हरवायचंय. तिच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं नाहीय."

दर दोन दिवसांनी ती दवाखान्यात जायची. डब्यात मसूरचं सार न्यायची आणि बैठकीत काय झालं ते सांगायची. तिथेही दोघींचं वाजायचं. एकदा तर नर्सने येऊन सांगितलं, की शेजारच्या पेशंटला त्रास होतोय.

यामना काठी टेकत घरी आली. पुढच्या निवडीला दोघी पुन्हा उभ्या राहिल्या. पटांगण तेच होतं, माणसं बरीच नवी होती, पोरीबाळी मोठ्या झाल्या होत्या. हात वर झाले. या खेपेला दावियाची बाजू भरली. मोजणाऱ्याने दोनदा मोजलं आणि तिचं नाव घेतलं. बायकांनी ललकाऱ्या दिल्या, सुकैना रडायला लागली.

दावियाने सगळ्यांत आधी यामनाकडे पाहिलं. आयुष्यभर हा क्षण तिने मनात घोळवला होता. यामनाचा चेहरा कसा होईल, ओठ कसे आवळेल, नजर कुठे लपवेल. यामना नातवासाठी संत्रं सोलत होती. एक फोड तिने त्याच्या तोंडात घातली, एक स्वतःच्या, आणि दावियाकडे बघून मान हलवली. छान झालं, अशा अर्थाची.

दावियाचा सगळा दिवस नासला. लोक घरी येत होते, साखर, चहा, मुबारक मुबारक. ती हसत होती, पण तिच्या पेल्यातला चहा तसाच निवत होता. एवढी वर्षं खपून मिळवलेलं, आणि त्याची झळ त्या बाईला लागतच नसेल तर मग मिळवलं काय? दिवस मावळायच्या सुमाराला तिला राहवेना. ती शाल घेऊन यामनाकडे गेली. यामना एकटीच बसली होती, पाय उशीवर ठेवून.

"तुला काहीच वाटलं नाही?" दावियाने दारातूनच विचारलं.

"कशाचं?"

"कशाचं काय विचारतेस? हरलीस त्याचं."

यामनाने तिला जवळ बसायला खूण केली. मग हळूच म्हणाली, "दुपारपासून रडतेय मी. मोठ्या सुनेला विचार. पण तुझ्यासमोर रडेन होय?"

दावियाने तिचे डोळे नीट निरखून पाहिले. खरंच सुजले होते.

"चहा टाकू?" दाविया म्हणाली.

"टाक. पुदिना खिडकीत आहे. आणि साखर जास्त घाल, तुझा चहा नेहमी फिका असतो."

दावियाने चहा टाकला. त्या रात्री तिला फार वर्षांनी गाढ झोप लागली.